डोंगरावरचा धूर

आपल्याकडे न्यायशास्त्राचा अभ्यास डोंगरावरच्या धुराने सुरू होतो. समोर डोंगर आहे, त्यावर धूर दिसतो आहे, तेव्हा तेथे अग्नी असलाच पाहिजे. कारण स्वयंपाकघरात आपण दोन्ही एकत्र पाहिलेले असतात. एवढ्या साध्या दाखल्यावर आपल्या पंडितांनी शेकडो वर्षे वाद घातला. लांबून दिसतो तो धूरच कशावरून, धुके कशावरून नव्हे? आणि धूर दिसला नाही म्हणजे अग्नी नाहीच, असे म्हणता येईल काय? भट्टीतून नुकताच काढलेला लोखंडाचा लाल गोळा पाहा. त्यात अग्नी आहे, धूर मात्र नाही! पाठशाळेतल्या मुलांना हे सारे तोंडपाठ असे. त्यांतले किती जण खरोखर डोंगर चढून धूर पाहायला गेले, ते विचारू नये.

दिवाळीचा अंक म्हणजे दिव्यांचा अंक. त्यात या सदराने धुराची गोष्ट काढावी हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण अग्नीशी माणसाचा संसार कसा चालतो हे पाहायचे, तर पणतीइतकाच वणवाही पाहावा लागतो. आणि डोंगरमाथ्यावर बसून धूर पाहायचा, त्यावरून अग्नीचे अनुमान करायचे, हाच ज्यांचा पगारी धंदा होता अशी माणसे जगात होऊन गेली. थोडी अजूनही आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगरांवर त्यांच्या चौक्या दिसतात. गेल्या वर्षी सप्टेंबरात त्यांतली एक चौकी पाहण्याचा योग आला. माझा भाचा सिएटलला नोकरीनिमित्त राहतो. त्याने एका रविवारी पहाटे मला उठवले आणि म्हणाला, "मामा, आज तुम्हाला इकडचे कळसूबाई दाखवतो."

भाच्याची उपमा अगदीच पोकळ नव्हती. माउंट पिल्चक हा डोंगर ५,३०० फुटांहून थोडा अधिक उंच आहे. आपली कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे दोघी बहिणीच म्हणायच्या. सिएटलच्या उत्तरेला ग्रॅनाइट फॉल्स म्हणून एक लहानसे गाव आहे. तेथून पुढे रानातला रस्ता डोंगराच्या अंगावर बराच वर चढतो आणि मोटार तुम्हाला ३,००० फुटांच्या वर आणून सोडते. तेथून चौकीपर्यंत पाऊणेतीन मैलांची पायवाट आणि सुमारे २,२०० फुटांचा चढ. सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी परतता येते. शिखराशी कळसूबाईसारखी शिडीही आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे शिडी चढून गेल्यावर देऊळ लागते. तिकडे लागते ती चौकी.

पहिला टप्पा दाट रानातला. हेमलॉकची प्रचंड झाडे, त्यांच्या बुंध्यांवर शेवाळ, खाली नेच्यांचा हिरवा गालिचा आणि सगळीकडे ओल. अशा रानाला आग लागू शकते यावर विश्वास बसत नाही. आंबोलीच्या जंगलात श्रावणात उभे राहून कोणी वणव्याची गोष्ट सांगावी, तसे वाटते. पुढे झाडे बुटकी होत जातात आणि हत्तीएवढ्या दगडांची रास सुरू होते. येथे वाट म्हणजे केवळ खुणा. त्या चुकल्या की माणूस भलत्याच कड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. असे चुकलेले लोक शोधून आणण्याचे काम तेथील बचाव पथकांना वरचेवर करावे लागते. दगडांच्या फटींतून हकलबेरीची झुडपे पानांनी लाल झाली होती. त्यांची काळी-जांभळी फळे तोंडात टाकत चढताना मला वैशाखातल्या करवंदांच्या जाळ्या आठवल्या. येथे काटे मात्र नाहीत.

माथ्यावर एकावर एक रचल्यासारखे मोठे दगड, आणि त्या दगडांच्या डोक्यावर लाकडी खोली. चारही बाजूंनी खिडक्या, भोवती फिरायला अरुंद सज्जा. खोली म्हणण्यापेक्षा काचेची पेटी म्हणावे. पहिली चौकी येथे सुमारे शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली. पुढे तिचे काम संपले, वाऱ्यापावसाने तिची दैना झाली, आणि एव्हरेट गावच्या गिर्यारोहकांच्या मंडळाने श्रमदानाने ती पुन्हा उभी केली. आता आत जुनी छायाचित्रे आहेत, चौकीदारांचा इतिहास आहे आणि कोणत्या दिशेला कोणते शिखर ते सांगणारे फलक आहेत. दक्षिणेला रेनिअर हा १४,४०० फुटांचा बर्फाचा डोंगर, उत्तरेला बेकर, पूर्वेला ग्लेशियर पीक, पश्चिमेला समुद्राची निळी खाडी आणि तिच्यापलीकडे ऑलिंपिक पर्वताची रांग. आपला राजगड बांधणाऱ्यांनी ही जागा पाहिली असती, तर येथे तटबंदीच घातली असती.

पण ही चौकी शत्रूसाठी बांधलेली नव्हती. तिच्यामागे १९१० सालची एक गोष्ट आहे. त्या वर्षी २० आणि २१ ऑगस्ट या दोन दिवसांत आयडाहो, माँटॅना आणि वॉशिंग्टन या राज्यांतले सुमारे ३० लाख एकर रान जळाले. आधीच शेकडो लहान आगी धुमसत होत्या. त्यांवर वादळी वारा सुटला आणि साऱ्या एक झाल्या. निदान ८५ माणसे मेली. त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. एड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्याबरोबरची चाळीसएक माणसे एका खाणीच्या बोगद्यात कोंबली. भीतीने बाहेर पळू पाहणाऱ्यांना त्याने पिस्तूल दाखवून आत ठेवले, आणि त्यामुळे बहुतेकांचे प्राण वाचले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असे त्याच्या नावाचे हत्यार अमेरिकेत आग विझवणारे लोक आजही खांद्यावर घेऊन जातात.

अमेरिकेचे वनखाते तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याच्या मनावर त्या दोन दिवसांचा जो चटका बसला तो पुढे कित्येक वर्षे गेला नाही. आग लहान असतानाच दिसली पाहिजे, आणि दिसली की विझवली पाहिजे, असे खात्याने ठरवले. मग शिखराशिखरावर चौक्या बसू लागल्या. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी आणखी कितीतरी बांधल्या. एके काळी देशभर त्यांची संख्या हजारोंनी मोजावी लागे.

चौकीदाराचा संसार या काचेच्या पेटीतच. एक खाट, एक चूल, आणि खोलीच्या मधोमध एक यंत्र. ते विल्यम ऑझबर्न या वनअधिकाऱ्याने १९१० नंतरच्या काही वर्षांत तयार केले. ते समजायला अगदी सोपे आहे. एका गोल तबकडीवर त्या प्रदेशाचा नकाशा बसवायचा, असा की चौकीचे ठिकाण बरोबर मध्यभागी यावे. भोवती अंशांच्या खुणा असलेले लोखंडी कडे. कड्यावर समोरासमोर दोन पट्ट्या. एकीत बारीक फट, दुसरीत ताणून बसवलेला घोड्याचा केस. फटीतून डोळा लावायचा, केस धुरावर आणायचा, आणि उत्तरेपासून किती अंश ते वाचायचे. मग दूरध्वनीवरून खाली सांगायचे. तेवढ्यात दुसऱ्या डोंगरावरच्या चौकीदारानेही तोच धूर पाहून आपले अंश सांगितलेले असतात. दोन रेषा नकाशावर जेथे एकमेकींना छेदतात तेथे आग! या दूरध्वनीची तार झाडांना बांधून मैलोन्‌मैल नेलेली असे. ती कोठे तुटली, की बहुधा चौकीदारालाच जाऊन जोडून यावे लागे.

आकाशात वीज चमकू लागली की सगळ्यांत उंच ठिकाणी बसलेला माणूस हाच. म्हणून त्याला एक खास स्टूल दिलेले असे, ज्याच्या चारही पायांना काचेची टोपणे. विजा कोसळत असताना त्या स्टुलावर उभे राहायचे, लोखंडाला हात लावायचा नाही, आणि वीज कोठकोठे पडली ते मात्र टिपून ठेवायचे. घाबरायचे असेल तर टिपून झाल्यावर घाबरायचे!

या कामाला प्रथम धडधाकट पुरुषच हवेत असे खात्याला वाटे. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट या बाईने अर्ज केला आणि तिला एडी गल्च येथील चौकी मिळाली. वनखात्याची ती पहिली स्त्री-चौकीदार. एक उन्हाळा तरी टिकेल की नाही अशी शंका घेणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून ती कितीतरी उन्हाळे तेथे राहिली. पुढे लेखक आणि कवींनाही या एकांताचा मोह पडला. जॅक केरुॲक हा कादंबरीकार १९५६ च्या उन्हाळ्यात याच राज्यातल्या डेसोलेशन पीकवर ६३ दिवस राहिला आणि त्यावर त्याने पुस्तकांत पाने भरली. त्याच्या पुस्तकांमुळे या चौक्यांना कीर्ती लाभली खरी, पण चौकीदारांची खरी परंपरा त्या माणसांची आहे, ज्यांनी रोजनिशीत 'आज काही नाही' एवढेच लिहून दिवस काढले.

एका चौकीची गोष्ट मात्र इतिहासात गेली आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नोबुओ फुजिता या जपानी वैमानिकाने पाणबुडीवरून उडालेल्या चिमुकल्या विमानातून ऑरेगनच्या रानावर आग लावणारे बॉम्ब टाकले. बेत असा, की रान पेटावे आणि अमेरिकेचे सैन्य विझवण्यात गुंतावे. माउंट एमिलीच्या चौकीवर हॉवर्ड गार्डनर पहाऱ्यावर होता. त्याला विमान दिसले, आणि पुढे धूरही दिसला. चौकीवरची माणसे रान तुडवीत तेथे गेली. आधीच्या पावसाने जमीन ओली होती. आग वाढली नव्हती. ती त्यांनी तेथल्या तेथे विझवली. वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच भागातल्या ब्रुकिंग्ज गावाने फुजिताला पाहुणा म्हणून बोलावले. तो आपल्या घराण्याची पिढीजाद तलवार घेऊन आला आणि ती त्याने गावाला देऊन टाकली. पुढे १९९२ मध्ये, जेथे त्याने बॉम्ब टाकला होता तेथे जाऊन त्याने रेडवुडचे एक झाड लावले. पाहणाऱ्या डोळ्यांनी एक आग वेळीच विझवली, आणि मागाहून शत्रूचे वैरही विझले. चौकीदारांच्या साऱ्या इतिहासात याहून देखणे पान नाही.

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पाहावे, सांगावे, विझवावे. पण त्या दिवशी चौकीच्या सज्जावर आमची गाठ एका गृहस्थांशी पडली आणि तिला वेगळे वळण लागले. पंचाहत्तरीच्या घरातले, अंगाने काटक, बरोबर शाळकरी नात. विद्यार्थिदशेत त्यांनी कॅस्केड पर्वताच्या पूर्वेकडच्या, कोरड्या उतारावर दोन उन्हाळे चौकीदारी केली होती. मी कोठून आलो ते त्यांनी विचारले आणि आपल्या डबीतले सुके जर्दाळू पुढे केले. मग आमच्या दशम्या निघाल्या. दशमी खाता खाता ते मोकळेपणाने बोलू लागले.

म्हणाले, "पहिल्या आठवड्यात मी तीनदा धूर कळवला आणि तिन्ही वेळा ते धुके निघाले. पाऊस पडून गेल्यावर दरीतून धुक्याचे पुंजके वर येतात. आम्ही त्यांना पाण्याचे कुत्रे म्हणत असू. खालच्या अधिकाऱ्याने मला शांतपणे विचारले, तुझा धूर एका जागेवरून उठतो आहे, की जागा बदलतो आहे? धूर एका जागेला धरून असतो. धुके हिंडते आणि विरते. त्यानंतर माझी चूक झाली नाही."

मी मनात म्हटले, आमच्या नैयायिकांनी तरी याहून वेगळे काय सांगितले होते!

"मग खरे धूर किती कळवले?" भाच्याने विचारले.

"पुष्कळ. आणि प्रत्येक विझवला गेला. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे," ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "काही वर्षांपूर्वी तो सगळा उतार एकदम जळाला. पाचशे वर्षांची झाडेसुद्धा राहिली नाहीत. मी जाऊन पाहिले. माझ्या काळात ज्या लहान आगी आम्ही होऊ दिल्या नाहीत, त्या जणू तेथेच साठून राहिल्या होत्या."

ते बोलणे केवळ हळव्या मनाचे नव्हते. त्यात शास्त्र होते. अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ मध्ये एक नियम केला: कोठेही आग दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजायच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ मध्ये टोपी घातलेले अस्वल जाहिरातींत आले आणि आग म्हणजे वैरी हे त्याने मुलामुलांच्या मनावर बिंबवले. पण पूर्वेकडच्या कोरड्या रानांत पाँडेरोसा पाइनची झाडे हजारो वर्षे आगीच्या सोबतीनेच वाढलेली होती. तेथे विजेने म्हणा, तेथल्या आदिवासींनी मुद्दाम लावून म्हणा, दर पाच-पंचवीस वर्षांनी जमिनीलगतची एक हलकी आग फिरून जाई. ती वाळके गवत, पाचोळा, लहान रोपटी खाऊन टाकी. मोठ्या झाडाची साल जाड; त्याला फक्त एक व्रण पडे. जुन्या खोडाच्या वर्तुळांत हे व्रण आजही मोजता येतात. हॅरल्ड वीव्हर नावाच्या वनअधिकाऱ्याने १९४३ मध्येच हे लिहून ठेवले होते: या रानातून आग हद्दपार कराल, तर रानाचाच घात कराल. त्या वेळी ते थोड्यांनाच पटले. सकाळी १० चा नियम वनखात्याने सोडला तो १९७८ मध्ये. तोवर दोन-तीन पिढ्यांचा पाचोळा आणि दाटीने वाढलेली झाडोरी तशीच पडून राहिली होती. धूर दिसत नव्हता एवढेच. भट्टीतला तो लाल गोळा आठवा.

म्हणजे चौकीदारांनी पाहण्यात कसूर केली काय? मुळीच नाही. त्यांनी पाहिलेला धूर खरा होता, त्यांचे अनुमानही बरोबर होते. उणीव होती ती पुढच्या प्रश्नाची. धूर आहे म्हणून अग्नी आहे हे ठरले. पण हा अग्नी येथे कशासाठी आला आहे, तो किती खाईल, आणि आज त्याला उपाशी धाडला तर उद्या तो किती भुकेने परत येईल, हे विचारायला नियमाने जागाच ठेवली नव्हती. नियमाला फक्त घड्याळ कळत होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की आगी लागू द्याव्यात. तेही तितकेच उतावळेपणाचे. पिल्चकच्या बाजूची ओली राने निराळी. तेथे मोठी आग कित्येक शतकांतून एकदा येते. पाचोळा साठल्याचा हिशेब तेथे तसा लागू पडत नाही. पण ऊन आणि पूर्वेचा कोरडा वारा एकदम आले, की ते ओले रानही पेटते. सप्टेंबर २०२२ मध्ये याच डोंगरांच्या दक्षिणेला बोल्ट क्रीक येथे माणसाच्या हातून आग लागली. पुढच्या महिन्यात तिच्या आणि इतर आगींच्या धुराने सिएटलची हवा काही दिवस जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट गणली गेली. भाचा सांगत होता, "मामा, दुपारी बारा वाजता सूर्य संत्र्यासारखा दिसायचा. मुलीला आठवडाभर अंगणात सोडले नाही." धुरात बुडालेल्या अशा दिवसांत डोंगरावर चौकीदार बसवला, तरी त्याला स्वतःच्या सज्जापलीकडचे काय दिसणार? सारे आकाशच धुराचे झाल्यावर धुराची खबर कोण कोणाला देणार?

आता बहुतेक चौक्यांचे काम उपग्रह, विमाने आणि डोंगरमाथ्यांवर बसवलेले कॅमेरे करतात. शेकडो चौक्या पाडल्या गेल्या, काही पिल्चकसारख्या पाहुण्यांसाठी राहिल्या, आणि काहींवर अजूनही उन्हाळ्यात माणूस बसतो. मला त्या गृहस्थांचे म्हणणे पटले. ते म्हणाले, "कॅमेरा धूर माझ्याहून लवकर पाहतो, यात वाद नाही. पण तीन महिने एकच दरी पाहत बसले की ती दरी ओळखीची होते. कोणत्या उताराला ऊन कधी येते, वारा दुपारी कोठून वळतो, गवत कोठे आधी वाळते, हे कळते. खाली खबर देताना आम्ही अंशांबरोबर हेही सांगत असू." नात त्यांचा हात ओढू लागली, तसे ते उठले. आम्हीही शिडी उतरलो.

उतरताना भाचा बराच वेळ गप्प होता. दगडांची रास संपून रान लागल्यावर त्याने विचारले, "मामा, मग आपल्याकडचे वणवेही पेटू द्यायचे का?"

प्रश्न योग्य होता, आणि उत्तर नाही असेच आहे. सह्याद्रीतला वणवा विजेने क्वचितच लागतो. आपल्याकडे वीज येते ती बहुधा वळवाच्या सरींबरोबर. माघ-फाल्गुनात डोंगर वाळले की वणवा लावतो तो माणूसच. कोणी जाळले की गवत चांगले येते या समजुतीने, कोणी शिकारीसाठी, कोणी बांध जाळताना हलगर्जीपणाने, कोणी नुसती बिडी फेकून. आणि तो पाच-पंचवीस वर्षांनी येत नाही, त्याच उतारावर दरसाल येतो. आंब्या-काजूच्या बागा होरपळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी भाजतात, आणि पावसात रुजलेले रोप दुसरा पावसाळा पाहत नाही. बोडके झालेले कितीतरी डोंगर आपण लहानपणापासून पाहतो, आणि ते मुळातच तसे आहेत असे धरून चालतो. तिकडे अग्नीला फार अडवल्याने बिघडले, इकडे त्याला फार बोलावल्याने. तिकडचे औषध इकडे लावले, तर रोगी दगावेल.

आपल्याकडेही पाहणारे आहेत. वनखात्याचे लोक उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात. म्हणजे रानाच्या कडेचा एक पट्टा आपणच जाळून वा साफ करून ठेवतात, म्हणजे आलेल्या आगीला पुढे खायला मिळू नये. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. सूचना वेळेवर येते. पण डोंगर चढून, हिरव्या फांद्यांनी झोडपून ती आग विझवायला जातो तो वनरक्षक आणि त्याच्याबरोबर गावची चार पोरे. त्यांची नावे कोठल्या पुस्तकात येत नाहीत, त्यांच्या चौकीवर कोणी कादंबरीही लिहिलेली नाही.

आणि अग्नीला ओळखून वागवणारा माणूस पाहायला अमेरिकेला जायलाही नको. कोकणात किंवा मावळात भाताचा राब भाजणारा शेतकरी पाहावा. खाचराच्या एका तुकड्यावर तो गोवऱ्या, पालापाचोळा, टहाळ, गवत यांचे थर रचतो. कडेची जमीन आधी साफ करतो. वारा पडलेला असेल अशी वेळ निवडतो. मग पेटवतो, आणि हातात ओली फांदी घेऊन तेथेच बसतो. ठिणगी बांधापलीकडे गेली तर झोडपायची, जाळ कोठे कमी पडला तर ढकलायचा. पावसाआधी त्या भाजलेल्या जमिनीत बी पडते आणि भाताचा तरवा उगवतो. राबासाठी झाडे फार खच्ची होतात अशी तक्रार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. पण पेटवलेल्या आगीजवळ बसून राहण्याची जी रीत त्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, ती शिकायला अमेरिकेच्या वनखात्याला निम्मे शतक लागले. आता तेथेही रानातला ठरावीक तुकडा, ठरावीक दिवशी, वारा आणि ओल मोजून, भोवती माणसे उभी करून मुद्दाम जाळतात. आणि ही विद्या ज्यांच्याकडे आधीपासून होती, त्या आदिवासींना आता सल्ला विचारतात.

या दिवसांत घरोघरी अग्नी मानाने आणला जातो. वातीला तेल किती, पणती वाऱ्यात तर नाही ना, पडद्याची झुळूक तिच्यावर येत नाही ना, हे घरातली आजी न सांगता पाहत असते. तिने न्यायशास्त्र वाचलेले नसते आणि चौकीतले यंत्रही पाहिलेले नसते. पण पणती लावली की ती घर सोडून जात नाही. तेल संपत आले की घालते, मुले फार जवळ गेली की हाक मारते, आणि रात्री शेवटची वात शांत झाल्यावरच अंथरुणाला पाठ टेकते. डोंगरावरच्या धुराचे शास्त्र केवढेही मोठे असो, त्याला शेवटी अशा जाग्या माणसाचीच गरज आहे.